अक्षता कुणाच्या बॅगेत?

ग्रुप : रोहनचं लग्न, सांगली ते मेलबर्न

शुभांगीवहिनी : काल आमच्या दारात कुणीतरी पिशवी ठेवून गेलं. भडंग, कंदी पेढे, सुटी तूरडाळ, जिरं, बेडगी मिरची. वर चिठ्ठी, "पल्लवीला देणे". आधी विचारायची पद्धत असते.

मंदाआत्या : अगं बॅगेत जागा आहे असं तूच म्हणालीस ना?

शुभांगीवहिनी : जागा आहे म्हणाले आत्या, वखार उघडलीय असं नाही म्हणाले 🙏

पल्लवी (मेलबर्न) : थांबा सगळे. तांदूळ, तूर, मूग, मसूर, हरभरा, जिरं, धने, बडीशेप, सुक्या मिरच्या, कच्चे शेंगदाणे, यातलं काहीही प्रवाशाच्या सामानातून इथं चालत नाही. कारण खपरा भुंगेरा, साठवलेलं धान्य खाणारा किडा. त्याची अळी फटीत बसून खाण्याशिवायही वर्षानुवर्षं जगते. ही कीड इथं नाही आणि हे धान्य निर्यात करणारे लोक, त्यामुळे फार कडक आहेत. सगळं इथं इंडियन स्टोअरमध्ये मिळतं.

सुनीलकाका : आणि पेढे? पेढ्यात कुठला भुंगेरा?

पल्लवी (मेलबर्न) : पेढ्याला लाळ-खुरकत आडवी येते काका. तो रोग आपल्याकडं आहे, म्हणून आपल्याकडचे दुधाचे, खव्याचे पदार्थ बंद.

सुनीलकाका : म्हशीला लागण आन् साताऱ्याच्या पेढ्याला शिक्षा 😂

मंदाआत्या : बाकी काही असो, अक्षता इथूनच जाणार. गणपतीच्या देवळात ठेवून आणलेल्या.

पल्लवी (मेलबर्न) : आत्या, अक्षता म्हणजे तांदूळच. कुंकू लावलं म्हणून तो तांदूळ राहत नाही का?

विवेकदादा : मुद्दा नीट समजून घ्या. उतरायच्या आधी प्रत्येकाला घोषणापत्र भरायचं असतं. खाण्याचं, झाडपाल्याचं, लाकडाचं काही असेल तर "हो"वर खूण करायची. शंका आली तरी "हो"च. सांगितलेली वस्तू चालली नाही तर ते काढून घेतात, दंड नाही. लपवलेली सापडली तर जागेवर दंड, आणि २०१९ पासून पाहुण्याचा व्हिसाही रद्द करू शकतात. सही ज्याची, जबाबदारी त्याची. "ही पिशवी आत्यांची" हे तिथं चालणार नाही.

शुभांगीवहिनी : 👆👆 हे सगळ्यांनी दोनदा वाचा.

गौरी : भडंगाचं काय मग? सांगलीहून भडंग नाही म्हणजे लोक काय म्हणतील

विवेकदादा : चुरमुरे फुलवलेले, शेंगदाणे भाजलेले, त्यामुळे अडचण कमी. पण दुकानचा सीलबंद पुडा पाहिजे, घटकांची यादी इंग्रजीत पाहिजे आणि फॉर्मवर "हो". घरचं भडंग नको. त्यातली वाळकी मिरची आणि कढीपत्ता बघून अधिकारी ते बाजूला काढणार. तीच गोष्ट हळदीची. दळलेली, कंपनीच्या पाकिटातली घ्या. हळकुंडं नकोत.

मंदाआत्या : अक्षता मूठभरच असतात. डबीत बसतात.

विवेकदादा : आत्या, दाणा एक असला तरी तेच.

गौरी : मुंडावळ्या मोत्यांच्या घेतल्यात. अंतरपाट कापडाचा, त्याला प्रश्न नाही. आंब्याचा डहाळा, विड्याची पानं, फुलं, नारळ हे सगळं पल्लवीताई तिकडं बघेल. पण रुखवतातल्या खोबऱ्याच्या वाट्या???

विवेकदादा : राहू देत. सुक्या खोबऱ्यात तेल फार, आपोआप तापून पेटू शकतं. मुंबईलाच काढतील. पॉवर बँक उलट, ती हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-तास म्हणजे साधारण २७,००० एमएएच, त्यापेक्षा मोठी आणू नका.

सुमनकाकू : वाट्यांवर पंधरा दिवस रंगकाम केलंय मी. आता सांगताय.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला)

सुनीलकाका : काय डिलीट केलं ओ? आमी वाचलं 😄

विवेकदादा : चौरंग-पाटही नको. लाकडावर साल किंवा भोकं दिसली की अडकवतात. आबा, तुमच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, तीन महिन्यांपुरत्याच, आणि त्याही फॉर्मवर सांगायच्या. प्रवासाचा आरोग्य विमा काढाच. भारताशी त्यांचा वैद्यकीय करार नाही, सगळा खर्च खिशातून.

आबा : बस किती वाजता

विवेकदादा : विमान रात्री ११:४०. विमानतळावर ८:४० ला पोचायचं. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण, बोरघाट, यातलं एक तरी तुंबणार. विश्रामबागेतून सकाळी नऊ म्हणजे नऊ.

मंदाआत्या : अक्षता इथूनच जाणार. गणपतीच्या देवळात ठेवून आणलेल्या.

पल्लवी (मेलबर्न) : आत्या, असं करूया. देवळातून कुंकवाची पुडी आणा. तांदूळ इथला घेऊ आणि त्याला तेच कुंकू लावू. चालेल?

मंदाआत्या : बघू.

गौरी : फिरायचं? पेंग्विन!!

पल्लवी (मेलबर्न) : फिलिप आयलंड इथून साधारण १४० किलोमीटर. पेंग्विन सूर्यास्तानंतर समुद्रातून वर येतात, आणि जानेवारीत सूर्य मावळतोच पावणेनऊला. घरी यायला मध्यरात्र उलटते. त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी मुळीच नाही. वाऱ्याला स्वेटर लागतो, उन्हाळा असला तरी. आणि फोटो काढायला बंदी आहे, फ्लॅश बंद करूनही.

सुनीलकाका : फोटो नाही तर गेलो ते गल्लीत पटणार कसं?

पल्लवी (मेलबर्न) : फोटोसाठी ग्रेट ओशन रोड. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये बांधला, २४३ किलोमीटर. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट करू नका, वळणं फार आहेत. मुक्काम टाका. ट्वेल्व्ह अपोस्टल्स म्हणतात ते खडक पुढं आहेत. एक २००५ मध्ये कोसळला, आता आठ उभे.

सुनीलकाका : नाव बाराचं, माल आठाचा. बिल्डरकडची सवय दिसतीय.

विवेकदादा : विषय भरकटतोय. होमाचं काय? हॉलमध्ये धुराचा अलार्म असतो. आधी सांगून तेवढ्या वेळापुरता बंद करून घ्यायचा, नाहीतर अग्निशमन दल दारात आणि वर बिल. आणि लॉनवर होम हा पर्याय धरू नका. जानेवारीत "टोटल फायर बॅन", म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, जाहीर झाला तर उघड्यावर समईसुद्धा नाही.

पल्लवी (मेलबर्न) : हॉलला विचारलंय. पण मुहूर्त ११:२० कुठला, सांगलीचा का इथला? जानेवारीत आम्ही साडेपाच तास पुढं. तुमचे ११:२० म्हणजे इथं दुपारी ४:५०, आणि हॉल ४ ला सोडायचा आहे.

सुमनकाकू : गुरुजींनी इथल्या पंचांगावर काढलाय.

विवेकदादा : मग गुरुजींना मेलबर्नचे अक्षांश-रेखांश देऊन परत काढायला सांगा. लग्न जिथं लागतं, तिथल्या सूर्योदयावर गणित असतं.

पल्लवी (मेलबर्न) : आजच विचारा प्लीज. हॉल दोन तास जादा घ्यायचा तर पैसे पडतील.

सुनीलकाका : ते मुलीकडचे देतील की. हॉल त्यांनीच पसंत केलाय. आमाला कोण विचारलंय.

शुभांगीवहिनी : सुनीलकाका, मुलीकडचे चौघं कालपासून याच ग्रुपवर आहेत.