उरलची रेघ निसर्गाने नाही, माणसाने ओढली

वर कुणीतरी लिहिलंय की युरोप-आशियाची सीमा निसर्गानेच आखून दिली आहे. मला हे अजिबात पटत नाही. प्राचीन ग्रीक लोक ही सीमा डॉन नदीवर धरत. ती रशियातल्या उरल पर्वतावर नेली १८व्या शतकात, रशियन भूगोलतज्ज्ञ तातिश्चेव आणि स्वीडिश अधिकारी श्ट्रालेनबर्ग यांनी. डोंगर मात्र तेव्हाही तिथेच होते! कझाकस्तानातलं अतिराऊ शहर बघा. मधून उरल नदी वाहते, तीही या सीमेचाच भाग मानली जाते; पुलाच्या एका टोकाला 'युरोप' आणि दुसऱ्या टोकाला 'आशिया' असं लिहिलंय. लोक भाजी आणायलासुद्धा खंड ओलांडतात. दोन्ही काठांवर भाषा तीच, हवा तीच, बाजारही एकच. प्रदेश ठरवताना आधी निकष विचारायचा: हवामान, भाषा की व्यवहार? निकष बदलला की नकाशावरची रेघही सरकते.