इतिहासाच्या पदवीत छोटी राष्ट्रं: मुख्य विषय की ऐच्छिक पेपर?

तळटीप
विद्यापीठात इतिहास घेतला की ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया आणि अमेरिका सगळी जागा अडवून बसतात. बाकीचे देश येतात ते यांच्या लढायांचं मैदान म्हणून. १९३८ ला म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देऊन टाकायचं चार देशांनी ठरवलं, चेक प्रतिनिधींना वाटाघाटीत बसूही दिलं नाही. अभ्यासक्रमही त्यांना अजून बाहेरच ताटकळत ठेवतो.

माझं म्हणणं, छोट्या राष्ट्रांचा इतिहास हा विषय शेवटच्या सत्रातला ऐच्छिक पेपर नको, पहिल्या वर्षापासून मुख्य हवा. राष्ट्र घडतं कसं, हे मोठ्या देशांत नीट दिसत नाही. राजा, फौज, दरबारी भाषा तिथे आधीपासून असते. एस्टोनियात जमीनदार जर्मन बोलणारे, सत्ता रशियाची, एस्टोनियन बोलणारा तो शेतकरी. १८६९ ला तार्तूत पहिला गीतमहोत्सव भरला. निमित्त काय, तर लिव्होनियातली (आजचा दक्षिण एस्टोनिया आणि उत्तर लात्व्हिया) भूदासप्रथा, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीला बांधून ठेवणारी पद्धत, संपून ५० वर्षं झाली होती. भूदासांची नातवंडं गायला उभी राहतात आणि आणखी ४९ वर्षांनी, १९१८ ला, देश स्वातंत्र्य जाहीर करतो. मधल्या काळात नेमकं काय झालं, हा इतिहासाचा गाभ्यातला प्रश्न नाही तर काय?

आग्यावेताळ
प्रश्न झकास, पण भाषा कोण शिकणार? एस्टोनियासाठी एस्टोनियन, जर्मन, रशियन. सतराव्या शतकात, म्हणजे स्वीडनच्या राजवटीत शिरलात तर स्वीडिशही. पदवीच्या मोजक्या वर्षांत हे होत नसतं. मग मुलं इंग्रजीतली दोन-चार पुस्तकं चाळून निबंध पाडतात. मोठ्यांचे पोवाडे गेले, छोट्यांचे आले, एवढाच फरक.

शिवाय मोठ्यांना वगळून छोटे कळतच नाहीत. आइसलंडच्या कॉड युद्धांची, म्हणजे मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटनशी झालेल्या तंट्यांची, गोष्ट सगळे चवीने सांगतात. १९७२ पासून त्यांच्या गस्ती बोटी ब्रिटिश ट्रॉलरच्या मागून आडव्या जात, पाण्यातून ओढत नेलेल्या कातरीने जाळ्याचे पोलादी दोर तोडत. जाळं मासळीसकट समुद्राच्या तळाला! वाचायला मजा येते, पण १९७६ ला ब्रिटनने २०० सागरी मैलांच्या हद्दीपुढे मान तुकवली ती काय कातरीला घाबरून? शीतयुद्ध चालू होतं, आइसलंडमधला केफ्लाविकचा लष्करी तळ नाटोला हवा होता.

रिकामटेकडा
आणि नोकरीचं काय, मालक?

तळटीप
@रिकामटेकडा, बाकीच्या इतिहासवाल्यांचं जे होतं तेच.

पानगळ
आग्यावेताळ, तळ हवा होता हे कबूल. पण त्या तळाची किंमत आइसलंडने ओळखली आणि वाजवून घेतली. लंडन-वॉशिंग्टनच्या बाजूने वाचलं तर ही गोष्ट ‘मित्रांमधली कटकट’ म्हणून दोन ओळींत संपते.

पोवाड्यांबद्दल म्हणाल तर मिरोस्लाव्ह ह्रोख वाचाच. हा चेक इतिहासकार. त्याने चेक, फिन, एस्टोनियन, लिथुआनियन, नॉर्वेजियन, स्लोव्हाक वगैरे चळवळींतल्या कार्यकर्त्यांच्या याद्या काढल्या आणि कोण पाद्री, कोण शिक्षक, कोण कुठल्या गावचा, हे शांतपणे मोजत बसला. त्यातून तीन टप्पे मांडले: आधी मूठभर अभ्यासक भाषा-लोकगीतं गोळा करतात, मग कार्यकर्ते प्रचाराला लागतात, शेवटी लोक रस्त्यावर उतरतात. यात कुठे डफ वाजतोय?

आग्यावेताळ
ह्रोख मलाही आवडतो. पण त्याची यादी सगळी युरोपातली, आणि असे अभ्यासक्रमही बाल्टिक-बाल्कनमध्येच घोटाळतात. नाउरू कुठे आहे तुमच्या पेपरात? प्रशांत महासागरातलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट; १९०७ पासून फॉस्फेटसाठी खरवडून काढलं. १९६८ ला स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याच नाउरूने १९८९ ला, आधी बेटाचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाला, आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. खटला ऐकायचा अधिकार आपल्याला आहे असं १९९२ ला न्यायालयाने ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड केली. त्यांच्याकडे गीतमहोत्सव नव्हता म्हणून ते राष्ट्र कमी का?

तळटीप
नाउरू घ्यायलाच हवं, वादच नाही. आता भाषेचं. चार भाषा कोणी मागत नाही. एक भाषा आणि एक साधन, म्हणजे त्या काळातलं एखादं मूळ पुस्तक किंवा कागद, नीट शिकवा. १८६० च्या दशकात रशियाने लिथुआनियन मजकूर लॅटिन लिपीत छापायला बंदी घातली, ती टिकली १९०४ पर्यंत. प्रार्थनापुस्तकं शेजारी जर्मनीच्या पूर्व प्रशियात, टिल्सिटला छापून रातोरात सीमेपलीकडे नेत. पकडलं गेलं तर सैबेरिया. यातल्या बऱ्याच पुस्तकांवर गाव छापलेलं असे लिथुआनियातलं विल्नियस आणि साल बंदीच्या आधीचं, म्हणजे झडतीत ‘जुनंच आहे’ म्हणता यावं. असं एक पुस्तक विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि विचारा, हे कुठे, कधी छापलं? पानावरचं साल खोटं असू शकतं, हे साधनचिकित्सेवरच्या दहा व्याख्यानांपेक्षा तिथे पक्कं डोक्यात बसेल.

आग्यावेताळ
तास भन्नाट होईल. पण तो घेणारा एकच प्राध्यापक असतो. तो निवृत्त झाला की पेपर बंद, आणि दुसऱ्या वर्षाची मुलं लटकली. मुख्य विषय एका माणसाच्या भरवशावर उभा करत नाहीत. म्हणून म्हणतो, ऐच्छिक ठेवा.

पानगळ
ऐच्छिक असतो म्हणूनच त्याची जागा पुन्हा भरत नाहीत. फ्रेंच राज्यक्रांती शिकवणारा निवृत्त झाला तर महिन्याभरात जाहिरात निघते.