तलवार उघड, गुप्ती लपून: हत्यारबंदी गावानं करावी की नको?

वडगावचा_वाघ्या (धागा सुरू करणार):
शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तोंडावर आली की आमच्या बेळगावातल्या गल्लीच्या ग्रुपवर एकच भांडण, खऱ्या तलवारी काढायच्या की नाही. परवा एकानं टाकलं, अमेरिकेत लोक पिस्तूल कमरेला लावून भाजीला जातात आणि आपले हात इंग्रजानं १८७८ ला बांधले ते अजून बांधलेलेच. आता १८७८ चं खरं आहे, व्हाइसरॉय लिटनच्या वेळचा आर्म्स अ‍ॅक्ट, गोऱ्याला माफ आणि आपल्याला लायसन. पण अमेरिकेचं जे सांगतात ते सगळं पिक्चरमधलं. हत्यार लपवून फिरायला बंदी तिथं १८१३ पासून आहे, केंटकी आणि लुईझियाना या राज्यांत आधी आली. आणि ज्या अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावच्या गोळीबाराचे पिक्चर बघून आपण शिट्ट्या मारतो तिथं १८८१ च्या एप्रिलात गावच्या कौन्सिलनंच ठराव केलेला, गावात शिरलास की हत्यार जमा कर, जाताना घेऊन जा. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला तिथला मार्शल म्हणजे पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प आणि त्याचे भाऊ हत्यारं काढून घ्यायला गेले आणि अर्ध्या मिनिटात तिघं मेले.
माझं म्हणणं एवढंच की हत्यारबंदी म्हटलं की लगेच इंग्रज आठवायची गरज नाही, गावाला शांतता पाहिजे असेल तर गावानं ती करावी. आणि उघड तलवार परवडली, निदान दिसते तरी, खरी बंदी लपवलेल्या गुप्तीला पाहिजे. बोला आता.

मुधोळ_लाईन:
इंग्रज आठवायची गरज नाही म्हणे! अरे आपल्याच भागात हत्यारबंदी आली कशी ते तरी बघ की. १८५७ ला हत्यारं जमा करायचा कायदा निघाला, मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी देणार नाही म्हणून सांगितलं, नोव्हेंबरात इंग्रजांची फौज आली, गाव जाळलं, लोकांना फाशी दिलं. अजून कानडीत लावणी म्हणतात त्याची. पुढच्या वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे, दत्तक नाकारलेला, वर तोफा-हत्यारं जमा करा म्हणून तगादा, मॅन्सन या इंग्रज अधिकाऱ्याला मारलं त्यांनी आणि १२ जून १८५८ ला बेळगावातच फाशी दिली. हा आपल्या हत्यारबंदीचा इतिहास. तुझं टूमस्टोन तिकडंच ठेव.

वडगावचा_वाघ्या:
तोच तर फरक सांगूलोय की दादा. हलगलीत बाहेरनं येऊन काढून घेतलं, टूमस्टोनात गावच्या लोकांनी आपलं आपण ठरवलं. दोन्ही एकाच पोत्यात कशाला भरूलास?

शहापूरचा_वकील:
वाघ्या, "गावानं करावी" हे ऐकायला छान आहे, पण आपल्या कायद्यात गाव कुठंच नाही. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टचं कलम ४ बघ. बंदुकीला सगळीकडं लायसन, पण तलवार, खंजीर, भाला, गुप्ती यांना लायसन लागतं ते केंद्र सरकारनं ज्या भागापुरतं नोटिफिकेशन काढलंय तिथंच. पातं नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद असलं की ते त्या यादीत, घरकामाचं किंवा शेतीचं अवजार असेल तर नाही. त्याच्यावर मग मिरवणूक, निवडणूक, एक नोव्हेंबरचा काळा दिवस आला की हत्यारबंदीचा आदेश निघतो, पूर्वीचं कलम १४४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३, शिवाय पोलीस कायदा वेगळाच. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यामुळं १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचं ३७ कलम इथं चालायचं, नंतर कर्नाटकाचा १९६३ चा कायदा आला. महाराष्ट्रातल्या चंदगडवाल्याला अजून ३७ च. हद्द ओलांडली की कलम बदलतं, तलवार तीच. आणि दोन्हीकडं सही कुणाची? कमिशनरची नाहीतर कलेक्टरची. नगरसेवकाला कोण विचारतंय. त्यामुळं हलगली आणि टूमस्टोन यातलं आपण कुणाच्या जवळ आहोत ते तूच ठरव.

आणखी एक, तुला आवडेल. केंटकीचा तो १८१३ चा कायदा १८२२ मध्ये कोर्टानंच उडवला. आरोपी ब्लिस नावाचा, हत्यार काय होतं माहीत आहे? काठीत लपवलेली तलवार. सरळसरळ गुप्ती! शंभर डॉलर दंड झालेला, वरच्या कोर्टानं घटनेच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. मग १८५० ला तिथल्या लोकांनी घटनाच बदलून घेतली आणि लपवलेल्या हत्यारावर बंदी घालायची वाट मोकळी केली.

वडगावचा_वाघ्या:
बघा! लोकांनी घटना बदलली पण बंदी सोडली नाही. माझाच मुद्दा झाला वकीलसाहेब.

मुधोळ_लाईन:
लोकांनी म्हणजे कुठल्या लोकांनी? मिसिसिपीत १८६५ ला गुलामगिरी संपल्या संपल्या कायदा केला की सुटलेल्या काळ्या माणसानं लायसनशिवाय बंदूक काय, मोठा सुरा पण ठेवायचा नाही. तो पण तिथल्याच लोकांनी केला. बाहेरचा इंग्रज नव्हता कोण.

खानापूर_रानडुक्कर:
तुमचं टूमस्टोन आमच्याकडं दर इलेक्शनला होतंय वो. माझ्याकडं ठासणीची बंदूक, पीक राखायचं लायसन, आजोबांपासनं आहे. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करा, निकाल लागला की न्या. आता गव्याला आणि डुकराला आचारसंहिता कोण वाचून दाखवणार, ऊस आडवा होतो तो होतोच. वकीलसाहेब म्हणतील समिती बसून कुणाची जमा करायची ते एकेक बघून ठरवायचं असतं, सरसकट नाही, तसं लिहिलेलं असेल पण मला तर दरवेळी फोन येतोच. आणि मधी मधी कोडगूचं, म्हणजे कुर्गचं, ऐकतो, कोडवांना लायसनमधनं सूट, इंग्रजापासनं चालत आलेली, आता २०२९ पर्यंत वाढवली. त्यांची जमात शूर आणि आमचा ऊस काय शूर नाही?

अनगोळची_सून:
सगळे पुरुषच बोलूलेत म्हणून लिहिते. हे "उघड परवडलं, लपवलेलं वाईट" कुणी ठरवलं? उघड तलवार घेऊन, दोन घोट पोटात टाकून डॉल्बीपुढं नाचणारा मावळा, आणि नाईट ड्युटीवरनं येताना पर्समध्ये काहीतरी ठेवणारी बाई गुन्हेगार? अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या कोर्टानं १८४६ ला असंच म्हटलेलं, लपवायला बंदी चालेल, उघड बाळगायला बंदी चालणार नाही. उघड्यावर हत्यार मिरवणं ज्याला परवडतं त्याचाच हा विचार. बाई कुठं तलवार मिरवत जाणार आहे?

वडगावचा_वाघ्या:
वहिनी, पेपर स्प्रेला कोण अडवत नाही. आणि लपवायचं सगळ्यांना मोकळं केलं तर आधी गुंड लपवतील. न्यूयॉर्कनं १९११ ला सुलिव्हन कायदा त्याच्यासाठीच केला, लपवता येणाऱ्या पिस्तुलाला लायसन. शंभर वर्षं टिकला, २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यातली खास कारण दाखवायची अट काढून टाकली, आणि कशाच्या आधारावर, तर जुना इतिहास बघून. तो इतिहास मी वर लिहिलाय तोच, फक्त त्यांनी उलटा वाचला.

शहापूरचा_वकील:
उलटा नव्हे, त्यांनी त्यातला हवा तेवढा वाचला. तू पण तेच करूलास. आपल्याकडं १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क होता, १९४८ ला घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी तो आणायचा प्रयत्न केला, फेटाळला गेला. आपल्या घटनेत १९ व्या कलमात जमायचा हक्क आहे तो विनाशस्त्र जमायचा. मिरवणूक त्यातच येते, हत्यार उघड असो नाहीतर लपून.

अनगोळची_सून:
मग वाघ्या, तलवारीला उघड म्हणून तू जी सूट मागूलास ती पण गेली की. ग्रुपवर टाक हे, बघू किती जणांचे अंगठे येतात.