‘द स्वान थीव्ज’: रुग्ण गप्प, डॉक्टर मात्र गावभर

मासुंदा_कट्टा:
ठाण्यात तलावपाळीच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात एलिझाबेथ कोस्तोव्हाची ही 2010 सालची कादंबरी आहे. रॉबर्ट ऑलिव्हर हा चित्रकार वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत एका चित्रावर चाकू घेऊन धावतो आणि मग बोलणंच सोडतो. मनोविकारतज्ज्ञ मार्लो कारण शोधत हिंडतो. साडेपाचशेवर पानं, आणि माझ्या मते फसलेली. मार्लो, रॉबर्टची आधीची बायको केट, नंतरची मैत्रीण मेरी असे तिघं आळीपाळीनं सांगतात, पण तिघांना उजेड, कापड, केस एकाच नजरेनं दिसतात. प्रकरणावरचं नाव बोटानं झाकून अर्धं पान वाचा. कोण बोलतंय ते सांगता येणार नाही. वर हा डॉक्टर रुग्णाच्या घरच्यांची दारं वाजवतो. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 23 गोपनीयतेचंच आहे.

येऊरकर:
वॉशिंग्टनच्या डॉक्टरला ठाण्यातून नोटीस काढताय का? रॉबर्ट गप्प होण्याआधी स्वतःच सांगतो, हवं त्याच्याशी बोल, मेरीशीही बोल. संमती आणखी कशी हवी? डॉक्टरला या चित्रांचा नाद लागतो, तोच तर विषय आहे.

मासुंदा_कट्टा:
बोलायची मुभा दिली, मेरीच्या प्रेमात पडायची नाही. आणि लेखिका त्याला त्याबद्दल साधा जाबही विचारत नाही.

येऊरकर:
हे मात्र पटलं.

जुनी_रंगपेटी:
चित्रकलेची बाजू इतकी कच्ची नाही हो. कादंबरीतल्या जुन्या काळाच्या प्रकरणांतली एकोणिसाव्या शतकातली चित्रकार बेआत्रिस, तिची कुचंबणा खरी वाटते: पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत बायकांना 1897 पर्यंत प्रवेशच नव्हता. उघड्यावर बसून रंगवणंही सोपं झालं ते 1841 साली रंगाची पत्र्याची ट्यूब आली म्हणून. रहस्य फोडत नाही, पण ‘चित्रावरची सही तपासली असती तर पहिल्या पन्नास पानांत उलगडा झाला असता’ असं कट्ट्यावर कुणी म्हणालं, ते चूक. सही अनेक वर्षांनी केली असेल तर तिचा रंग जुन्या भेगांमध्ये उतरतो, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. चित्र ताजं असतानाच दुसऱ्यानं सही ठोकली तर ती चित्राबरोबरच तडकते. टायटॅनियम व्हाइटही इथे कामाचा नाही. तो विसाव्या शतकातला रंग, त्यानं नंतरची नक्कल पकडता येते. त्याच काळातली लबाडी नाही. म्हणून उलगड्याला बेआत्रिसच्या काळातली पत्रं लागतात.

सुखदा_घोडबंदर:
पत्रं चांगलीच आहेत. माझा राग शेवटावर आहे. डॉक्टर कोडं सोडवतो, रुग्णाला सांगतो, रुग्ण बोलू लागतो. आजार म्हणजे कुलूप, रहस्य म्हणजे किल्ली! मूडचा तीव्र आजार असा उघडत नाही. त्यावरचं लिथियम हे औषध चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त घ्यायचं, औषधाची पातळी साधारण लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोल ठेवायची, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी. पातळी बरोबर असतानाही काहींचा हात बारीक थरथरतो. ब्रश धरणाऱ्या माणसासाठी केवढा पेच! एवढ्यावरच एक कादंबरी उभी राहिली असती.

येऊरकर:
ती मग रक्ततपासणीची कादंबरी झाली असती, ताई.

सुखदा_घोडबंदर:
झाली असती तर बरंच. निदान शंभर पानं तरी वाचली असती.

नवा_सभासद:
रविवारपर्यंत सगळं होणार नाही. काय गाळू?

जुनी_रंगपेटी:
जुन्या काळाची प्रकरणं सलग वाचा, मग केट. मेरीचं चाळलं तरी चालेल. चाकूहल्ल्याचा भाग सुरुवातीलाच आहे, तो चुकवू नका.