‘हाय मायलेज ऑइल’ यातले मायलेज कोणते?

पाचपाखाडी, ठाणे

नमस्कार. माझी पेट्रोल गाडी २००९ सालची असून आतापर्यंत १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या वर्षभरात ऑइलची पातळी पुढच्या सर्व्हिसिंगच्या आधीच डिपस्टिकवरच्या (ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या) खालच्या खुणेशी येऊ लागली आहे आणि टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगपाशी ओलसरपणाही दिसतो. जास्त चाललेल्या इंजिनांसाठी वेगळे ऑइल मिळते आणि त्याला ‘हाय मायलेज’ म्हणतात, एवढे वाचून मी स्टेशनजवळच्या एका दुकानात त्याच नावाने मागणी केली. दुकानदारांनी विचारले, “सध्या ॲव्हरेज किती देते?” मी लिटरला तेरा असे सांगताच त्यांनी ०डब्ल्यू-२० ग्रेडचा डबा पुढे ठेवला आणि याने मायलेज वाढेल असे सांगितले. घरी येऊन गाडीची पुस्तिका उघडली, तेव्हा तिच्या तक्त्यात १०डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-४० एवढ्या दोनच ग्रेड होत्या, म्हणून डबा न फोडता परत केला.

दुकानदारांनी मला फसवले असे मला मुळीच वाटत नाही. मी जो शब्द उच्चारला त्याचा आपल्याकडे जो अर्थ आहे, तोच त्यांनी घेतला. मग या ऑइलला मराठीत काय म्हणावे, म्हणजे मागितले तेच हाती पडेल? ‘वंगण’ आणि ‘ऑइल’ यांतले योग्य काय, हेही जाणकारांनी सांगावे.

वाशी

आपल्या अनुभवाचे मूळ शब्दातच आहे. इंग्रजीत मायलेज म्हणजे मुळात मैलांत मोजलेले अंतर. गाडी आजवर किती मैल चालली हा त्याचा एक अर्थ आणि ठरावीक इंधनात किती मैल जाते हा दुसरा. मराठीने यातला दुसराच अर्थ उचलला आणि त्याच्या जोडीला ‘ॲव्हरेज’ हा शब्दही त्याच अर्थाने रुळवला. १९५६च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैल हळूहळू व्यवहारातून गेला, ‘मैलाचा दगड’ आणि ‘मैलोन्मैल’ अशा बोलण्यात तेवढा उरला. मायलेज मात्र किलोमीटरच्या राज्यातही टिकून राहिले, कारण तोवर त्याचा मैलाशी असलेला संबंधच तुटला होता.

डब्यावरचे ‘हाय मायलेज’ हे पहिल्या अर्थाचे आहे. अमेरिकेत व्हॅल्व्होलिन कंपनीने २०००च्या सुमारास अशा प्रकारचे ऑइल बाजारात आणले आणि तिथे साधारण ७५ हजार मैलांच्या पुढे गेलेल्या गाडीसाठी ते सुचवले जाते. आपल्या हिशेबाने हे सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर होतात. त्या अर्थाला आपल्याकडे अगदी रोजचा शब्द आहे: जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे ‘रनिंग किती झाले?’ असे विचारतात आणि घरातली माणसे ‘गाडी किती चालली?’ असे विचारतात. त्यामुळे ‘जास्त चाललेल्या गाडीचे ऑइल’ असे सरळ म्हणावे, असे माझे मत आहे. यासाठी संस्कृत धातू शोधून नवा सामासिक शब्द घडवण्याला माझा विरोध आहे. तो दुकानात कोणालाही कळणार नाही आणि आपला मूळ प्रश्न तर दुकानातलाच आहे.

वंगण हा जुना आणि चांगला शब्द आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालत, शिवणयंत्रालाही घालतात. घर्षण कमी करणारा कोणताही पदार्थ, मग तो ग्रीस असो की तेल, वंगणच. म्हणून लेखात ‘वंगणतेल’ शोभते, पण गॅरेजमध्ये ‘इंजिन ऑइल’ म्हणणेच बरे.

कळवा

ग्रेडबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथेही शब्दांनी घोटाळा होतो. अनेक मेकॅनिक जुन्या गाडीला ‘जाड ऑइल टाका’ असे सांगतात आणि काही जण ‘जड’ही म्हणतात. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके असते, तरीही ते पाण्यापेक्षा सावकाश वाहते. जडपणा ही घनता झाली. वाहण्याला होणारा विरोध हा वेगळा गुण असून त्याला पाठ्यपुस्तकात ‘श्यानता’ किंवा ‘विष्यंदिता’ म्हणतात. संस्कृतात श्यान म्हणजे थिजलेले, गोठत आलेले, आणि थंडीत खोबरेल कसे होते हे ज्याने पाहिले आहे त्याला हा शब्द लगेच पटेल. बोलताना ‘दाट’ आणि ‘पातळ’ हे शब्द पुरेसे आहेत.

१०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा इंग्रजीतल्या हिवाळ्याचा आहे, वजनाचा नव्हे. त्याच्या आधीचा आकडा गारठलेल्या इंजिनात ऑइल किती सहज हलते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते सांगतो. ठाण्यात पहिल्या आकड्याची कसोटी कधी लागतच नाही. दुसरा मात्र महत्त्वाचा, कारण घोडबंदर रस्त्यावर भर उन्हात अर्धा तास एकाच जागी तापणारे इंजिन त्याच्यावरच अवलंबून असते. १०० अंशांना ४० ग्रेडची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (हे श्यानतेचे एकक) दरम्यान असते आणि २० ग्रेडची ६.९ ते ९.३च्या दरम्यान. आपल्याला दिलेला डबा किती दूरचा होता, हे यावरून कळेल. ‘हाय मायलेज’ ही ग्रेड नव्हे, हे कृपया ध्यानात घ्यावे. त्या नावाखाली पातळ ऑइलही मिळते आणि दाटही, म्हणून ग्रेड पुस्तिकेवरूनच ठरवावी.

ऐरोली

मला ‘ऑइल कमी होते’ या वाक्प्रयोगाबद्दल लिहायचे आहे. मराठीत यासाठी नेमकी क्रियापदे आहेत आणि निदान त्यांच्यातच दडलेले आहे. पॅकिंगच्या कडेला ओल येऊन तिच्यावर धूळ चिकटते तेव्हा ऑइल पाझरते. सकाळी गाडीखालच्या फरशीवर डाग दिसतो तेव्हा ते ठिबकते. बाहेर काहीच दिसत नाही, पण पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तेव्हा गाडी ऑइल खाते. ‘हाय मायलेज’ ऑइलमध्ये इंजिनाच्या सांध्यांतून ऑइल बाहेर येऊ न देणारे रबरी सील किंचित फुगवून मऊ ठेवणारी द्रव्ये, मळ धरून ठेवणारी द्रव्ये आणि झीज रोखणारी द्रव्ये अधिक असतात. त्यामुळे पाझरणे कमी होण्याची आशा धरता येते. फाटलेले सील त्याने सांधले जात नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर कोणत्याही डब्याने काम भागत नाही आणि मेकॅनिक ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात ते, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदलण्याचे, काम करावे लागते.

‘जास्त चाललेली’ या शब्दावरही माझा एक आक्षेप आहे. आमच्या शेजारची गाडी पंधरा वर्षांत जेमतेम ४० हजार किलोमीटर चालली आहे, कारण तिचे मालक लोकलने जातात. रबर मात्र किलोमीटर मोजत बसत नाही. उष्णतेने आणि वर्षांनी ते कडक होते, म्हणून तिचे सीलही पाझरू लागले आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलला नुसते चालू राहिलेले इंजिनही आकड्यात कुठे दिसत नाही. म्हणून मला ‘जुन्या इंजिनाचे ऑइल’ हे अधिक व्यापक वाटते.

पाचपाखाडी, ठाणे

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ऐरोलीचा आक्षेप मला पटला. काल गाडी मेकॅनिककडे नेली, तेव्हा ‘कमी होते’ असे न म्हणता ‘टॅपेट कव्हरपाशी पाझरते, धूर नाही’ असे सांगितले. त्यांनी आधी ते पॅकिंग बदलायला सांगितले, मग ऑइलचा विचार करू म्हणाले. दुकानात या वेळी मी ‘१०डब्ल्यू-३०, जुन्या इंजिनासाठीचे’ असे मागितले आणि ॲव्हरेजचा प्रश्न कोणी विचारला नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘हाय मायलेज’ हेच छापलेले आहे. हजार किलोमीटर झाल्यावर डिपस्टिकवरची पातळी इथे कळवीन.