डेल्टाविंगसारखी पुढून निमुळती रेसकार वळते तरी कशी?

कुपवाड_कार्ट

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमची टीम विद्यार्थी फॉर्म्युला स्पर्धेसाठी गाडी बांधतेय, कोइमतूरला करी ट्रॅकवर न्यायची आहे. सध्या टीममध्ये एकाच गोष्टीवरून वाद पेटलाय. २०१२ साली ल मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत, निसानची डेल्टाविंग उतरली होती ना, पुढची दोन चाकं अगदी जवळजवळ आणि मागची लांब-लांब, त्या आकाराची गाडी करावी असं माझं म्हणणं आहे. पुढून हवा कमी अडते, वजन वाचतं. आमचे सीनियर म्हणतात, पहिल्याच वळणावर पलटी खाईल, नाहीतर स्टेअरिंग फिरवलं तरी सरळच जाईल.

पण ती गाडी ल मान्सला पळाली हे तर खरं आहे. मग पुढं १० सेंटिमीटर रुंदीचे टायर असताना ती वळत कशी होती? कुणी हिशेबानिशी समजावून सांगेल का? शिवाय फॉर्म्युला वनमधल्या जुन्या गाड्या, सहा चाकांची टिरेल आणि पंखेवाली ब्रॅबहॅम, यांच्याबद्दलही कुणाला माहिती असेल तर लिहा. आमच्या गाडीत यातलं काय घेता येईल ते बघायचंय.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. मी स्वतः कॉलेजात असताना अशा टीममध्ये होतो, म्हणून आधी कोरडी बातमी देतो. नियमपुस्तक उघडा आणि गाडीच्या ट्रॅकची रुंदी, म्हणजे एकाच अॅक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, कुठं लिहिलीय ते बघा. पुढच्या आणि मागच्या ट्रॅकपैकी जो लहान असेल तो मोठ्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. डेल्टाविंगचा पुढचा ट्रॅक ०.६ मीटर आणि मागचा १.७ मीटर, म्हणजे ३५ टक्के. तपासणीच्या टेबलावरच गाडी बाद होईल.

दुसरं, टिल्ट टेस्ट. ड्रायव्हर बसवून गाडी ६० अंशात तिरकी करतात आणि वरची चाकं उचलली जाता कामा नयेत. त्याचा अर्थ साधारण १.७ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या १.७ पट, इतक्या आडव्या जोराला गाडी टिकली पाहिजे. १२०० मिलिमीटर ट्रॅक असेल तर गुरुत्वमध्य ३४५ मिलिमीटरच्या खाली हवा. पुढचा ट्रॅक कमी केला की हा आकडा आणखी खाली येतो. वाद मिटला असेल तर कामाला लागा, चेसिसचं वेल्डिंग कधीच वेळेत होत नाही.

शंभरफुटी

अजिंक्यतारा यांनी नियमाचं सांगितलं ते बरोबर आहे. पण पोरानं "वळते कशी" असं विचारलंय आणि तो प्रश्न फार चांगला आहे, त्याला नियमानं गप्प बसवू नये.

माझं शंभर फुटी रस्त्यावर व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या गाड्यांचा टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) आणि कॅम्बर (चाकं उभ्यात किती कललीत) बघायचा आणि टायरवरून हात फिरवायचा. टो बिघडलेल्या टायरवर एका दिशेनं हात सरळ सरकतो आणि उलट फिरवला की बोटांना दातरे लागतात. त्यामुळं कुठलीही गाडी बघितली की माझी नजर आधी रबराकडं जाते, बॉडीकडं नंतर. तू पण तसंच बघ.

वळणात प्रत्येक अॅक्सलला किती आडवा जोर लावावा लागतो? त्या अॅक्सलवर जितकं वजन, तितक्याच हिश्शानं. डेल्टाविंगचं पुढच्या चाकांवरचं वजन होतं २७.५ टक्के, उरलेलं ७२.५ टक्के मागं. म्हणजे वळायच्या एकूण जोरातला २७.५ टक्केच पुढच्या टायरांनी द्यायचा. आता रबर मोज. पुढं १० सेंटिमीटरचे दोन, झाले २०. मागचे साधारण तिप्पट रुंद, म्हणजे दोन्ही मिळून ६० च्या आसपास. एकूण रबरातलं पाव रबर पुढं आणि वजनही पावाच्या जरासं वर. हिशेब जुळला. पुढचा टायर बारीक आहे म्हणून गाडी सरळ जाईल असं वाटतं, कारण आपण मनातल्या मनात त्या टायरावर नेहमीच्या गाडीचं वजन टाकतो. तिथं ते वजनच नाही. ड्रायव्हर जवळजवळ मागच्या अॅक्सलच्या पुढ्यात बसतो, १.६ लिटरचं इंजिन त्याच्या मागं, आणि अख्खी गाडी ड्रायव्हर-पेट्रोल सोडून ४७५ किलोची. त्या काळच्या ल मान्सच्या मोठ्या प्रोटोटाइप ९०० किलोच्या होत्या.

पलटीचं बघू. तुझ्या सीनियरांनी बहुतेक मार्केट यार्डातली तीनचाकी मालरिक्षा डोळ्यांसमोर ठेवली असणार. रिकामी रिक्षा वळणात ब्रेक मारला की मागचं आतलं चाक उचलते, हे सांगलीत कुणीही सांगेल. का उचलते? रिकाम्या रिक्षात ड्रायव्हर पुढं, त्याचं वजन निमुळत्या टोकाकडं, आणि ब्रेकनं आणखी भार पुढं सरकतो. त्याच रिक्षात हळदीची पोती मागच्या अॅक्सलवर, एका थरात, खाली ठेवून बघ, ती बसून चालते. डेल्टाविंगमध्ये वजन आधीच मागं आणि खाली ठेवलंय. पुढच्या आणि मागच्या बाहेरच्या चाकाला जोडणारी रेघ काढ. गुरुत्वमध्य जिथं आहे तिथं गाडीची रुंदी किती भरते? ०.६ अधिक १.१ चे ७२.५ टक्के, म्हणजे १.४ मीटर. अर्धी ०.७ मीटर. गुरुत्वमध्य ०.३ मीटर उंचीवर धरला तर सव्वादोन जीच्या वर गेल्याशिवाय नुसत्या वळणानं ती उलटत नाही.

तरीपण सीनियर अगदीच चुकीचे नाहीत. बाजूनं धक्का बसला तर तो आकार नाजूकच. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत रोड अटलांटाला सरावात एका पोर्शेचा धक्का लागून ती उलटली होती. रात्रंदिवस खपून गाडी उभी केली आणि शर्यतीत पाचवी आली. ल मान्सला तर टोयोटाच्या धक्क्यानं तिची शर्यत संपली. ड्रायव्हर मोतोयामा ट्रॅकच्या कडेला गाडीशी दीड तास झटत होता, कुंपणापलीकडून टीमची माणसं सांगत होती, पण गाडी काही पिटपर्यंत पोचली नाही. ते बघताना मला भरून आलं होतं. तो वळणाचा दोष नव्हता, लहान हलकी गाडी मोठ्या गाड्यांत सापडल्याचा होता.

आता एक खोलातली गोष्ट, जी बहुतेक लेखांत सुटते. वळणात भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. कुठल्या अॅक्सलवर किती जायचा हे आपण अँटी-रोल बारनं (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचा झुकाव अडवणारी दांडी) आणि स्प्रिंगनं ठरवतो. जिथं जास्त भार आडवा सरकतो त्या अॅक्सलची पकड कमी होते, कारण टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. डेल्टाविंगचा पुढचा ट्रॅक इतका अरुंद की तो झुकाव अडवायच्या कामाचाच नाही. सगळा झुकाव मागचा अॅक्सल अडवतो. पुढच्या दोन्ही टायरांवर जवळजवळ सारखं वजन राहतं, दोघंही रस्ता धरून असतात आणि नाक आत येतं. नेहमीच्या गाडीत असं केलं तर मागचं बूड सुटेल. इथं मागं रबर भरपूर आहे म्हणून ते सांभाळून घेतं.

आणि ब्रेक. पुढं बारीक टायर म्हणजे ब्रेक लागणार नाही असं वाटतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर, ३ मीटर धरला आणि तोच ०.३ मीटर उंचीचा गुरुत्वमध्य, तर २ जीच्या ब्रेकला एकूण वजनाच्या २० टक्के भार पुढं सरकतो. तरीही निम्म्याहून थोडं जास्त वजन मागच्या रुंद टायरांवरच राहतं. साध्या गाडीत ब्रेक मारला की मागचे टायर बरेच हलके होतात आणि जास्त करून पुढचेच राबतात. इथं मागचे पण राबतात.

हीच समज उलटी फिरवून डेल्टाविंगच्याच डिझायनरनं, बेन बोल्बीनं, २०१५ ला निसानची जीटी-आर एलएम केली. इंजिन पुढं, वजन पुढं, रुंद टायर पुढं आणि बारीक मागं. ल मान्सला तीन गाड्या उतरवल्या, एकीचाही निकालात नंबर लागला नाही. हायब्रिड यंत्रणेनं साथ दिली नाही, त्यामुळं टायर-वजनाचा तो विचार बरोबर होता की नाही याचा निवाडा त्या शर्यतीवरून करणं मला अन्यायाचं वाटतं.

मिरज_जंक्शन

सहा चाकांच्या टिरेलबद्दल मी लिहितो, माझी आवडती गाडी आहे. पी ३४, डिझायनर डेरेक गार्डनर, १९७६. पुढं १० इंची चाकं, दोन्ही बाजूंना दोन-दोन. लहान चाकं नाकाच्या पंखाच्या आड लपली की हवा कमी अडेल, आणि चार टायर असल्यामुळं ब्रेक आणि वळण दोन्हीला रबर जास्त मिळेल, असा विचार. कॉकपिटच्या बाजूला पारदर्शक खिडक्या ठेवल्या होत्या, म्हणजे ड्रायव्हरला आपली पुढची चाकं दिसावीत. १९७६ ला स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला शेक्टर पहिला आणि देपाये दुसरा आला. सहा चाकांच्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला तो एकमेव विजय.

१९७७ ला मात्र गाडी मागं पडली. इतर सगळ्यांच्या आकाराचे टायर कंपनी वर्षभर सुधारत राहिली. १० इंची टायर एकट्या टिरेलला लागायचे, ते तिथंच राहिले. मागचे टायर सुधारले, पुढचे नाहीत, मग गाडी पुढून सुटायला लागली. पकड मिळावी म्हणून पुढचा ट्रॅक वाढवला तर चाकं नाकाच्या आडून बाहेर आली. मूळ फायदाच गेला.

कुपवाड_कार्ट

शंभरफुटी काका, अजिंक्यतारा दादा, मिरज_जंक्शन, सगळ्यांचे मनापासून आभार. रबराचा हिशेब आजपर्यंत कुणी असा सांगितला नव्हता. आमच्या गाडीत इंजिन मागंच आहे. पण पुढच्या अॅक्सलवर नक्की किती वजन येतंय हे आम्ही अजून मोजलेलंच नाही, सॉफ्टवेअरमध्ये ४६ टक्के दिसतंय. पुढं-मागं टायर एकाच मापाचे आहेत. आणि काका, पंख्याबद्दल पण सांगा ना.

शंभरफुटी

पंख्याचं असं आहे. गाडीच्या पंखानं मिळणारा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी १०० ला जितका मिळतो त्याचा पावच ५० ला. पंख्यानं गाडीखालची हवा ओढून घेतली तर संथ वळणातही पूर्ण दाब मिळतो. १९७० ची अमेरिकी रेसकार शॅपराल २जे तशीच होती. मागं दोन पंखे, ते चालवायला स्नोमोबिलचं वेगळं टू-स्ट्रोक इंजिन, आणि खाली कडेनं लेक्सान प्लॅस्टिकचे स्कर्ट, म्हणजे बाहेरची हवा आत येऊ न देणाऱ्या पट्ट्या. ते सस्पेन्शनला केबलनं जोडलेले, म्हणजे जमिनीपासूनचं अंतर कायम राहावं. मुख्य इंजिनाचा वेग काहीही असो, ओढ तीच. वॉटकिन्स ग्लेनला जॅकी स्टुअर्टनं तिच्यावर शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारली.

१९७८ च्या ब्रॅबहॅम बीटी४६बी मध्ये गॉर्डन मरेनं पंखा गाडीच्याच इंजिनावर चालवला. इथं हाताळणी पार बदलते. वळणात अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा वेग पडतो, पंखा मंदावतो, दाब जातो. म्हणजे पकड कमी वाटली तर पाय उचलायचा नाही, उलट दाबायचा. ड्रायव्हरच्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध. लाउडानं ते आत्मसात केलं आणि तो अँडरस्टॉर्पलाच अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकानं जिंकला. ती गाडी त्यानंतर पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

तुमच्यासाठी पंखा नको. नियमात बसतो की नाही हा पुढचा प्रश्न, पण स्कर्ट एखाद्या उंचवट्यावर उचलला की दाब एका क्षणात जातो आणि नवख्या ड्रायव्हरला ते सावरता येत नाही.

तुमच्या गाडीचं काम वेगळंच आहे. ४६ टक्के वजन पुढं आणि चारी टायर एका मापाचे, म्हणजे रबर निम्मं-निम्मं. पुढं वजनाच्या मानानं रबर थोडं जास्तच आहे, तेव्हा ती पुढून सुटणार नाही, मागून सुटण्याकडं तिचा कल राहील. हे सॉफ्टवेअरच्या आकड्यावर. खरं वजन वेगळंच निघतं, वायरिंग आणि रेडिएटर कुणी धरलेला नसतो. मागं रुंद टायर बसत असेल तर बघा. नसेल तर मागचा अँटी-रोल बार पातळ करा, म्हणजे आडवा भार जास्त पुढच्या अॅक्सलवर जाईल. आणि पुढचा ट्रॅक कमी करायची तुझी हौस ७५ टक्क्यांच्या आत नाही पण ९० टक्क्यांपर्यंत जरूर भागव. फक्त वळणात मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, म्हणून ट्रॅकवर मांडलेल्या शंकूंमधून गाडी काढताना मागचं रुंद बूड त्यांना लागणार नाही ना ते बघ. त्या आधी अजिंक्यतारा म्हणतात तो टिल्टचा हिशेब नव्या रुंदीनं परत कर.

रविवारी दुकान दुपारनंतर बंद असतं. टेम्पोत घालून गाडी घेऊन ये, मी चारी चाकांखाली ठेवायचे चार वजनकाटे एका पातळीत मांडून ठेवतो. टाकी भरलेली हवी. जो ड्रायव्हर गाडी चालवणार आहे तोच बसवायचा, दुसरा नाही.

कुपवाड_कार्ट

येतो काका. आमची ड्रायव्हर मुलगी आहे, वजन ५२ किलो. टिल्टला मात्र टीममधल्या सर्वांत उंच मुलाला बसवावं लागतं, तो ८४ चा आहे. दोघांनाही आणतो.

शंभरफुटी

दोघांनाही आण. आधी तिला बसवून चारी चाकांचं वजन घेऊ आणि अलाइनमेंट तिच्याच वजनावर करू. त्याला टिल्टच्या हिशेबापुरतं बसवू. सीटखाली पॅकिंग घालायला लाकडी फळ्या आहेत माझ्याकडं, स्टेअरिंगपर्यंत तिचे हात नीट पोचतात का तेही तिथंच बघू.