‘जाळून बेचिराख’ ही द्विरुक्ती आहे का?

एलेम क्लिमोव्ह यांच्या ‘कम अँड सी’ (१९८५) या सोव्हिएत चित्रपटाच्या अखेरीस एक पाटी येते. दुसऱ्या महायुद्धात बेलारूसमधली ६२८ गावे त्यांतल्या रहिवाशांसह जाळली गेली, असे ती सांगते. तिच्या मराठी अनुवादात मी ‘जाळून बेचिराख केली’ असे लिहिले. त्यावर आपण आक्षेप घेतलात की, जाळल्यावर राख होणारच, मग दोन्ही शब्द कशाला?

शंका स्वाभाविक आहे, कारण आज हा शब्द ऐकताना आपल्याला त्यात राखच ऐकू येते. परंतु त्याची फोड ‘बे’ आणि ‘चिराख’ अशी आहे. चिराख म्हणजे फारसी चिराग, दिवा. आणि बेघर, बेवारस यांतला ‘बे’ इथेही अभाव दाखवतो. ज्या गावात तिन्हीसांजेला दिवा लावायला कोणी उरले नाही, ते बेचिराख. म्हणूनच महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला बेचिराख म्हणत, मग ते आगीने ओस पडलेले असो वा नसो. तेव्हा ‘जाळून’ हे साधन झाले आणि ‘बेचिराख’ हा परिणाम, द्विरुक्ती नाही.

‘भस्मसात’ इथे मला अपुरा वाटतो, कारण तो जळालेल्या वस्तूविषयी बोलतो, आणि गवताची गंजीही भस्मसात होते. ‘कत्तल’ माणसांपुरती राहते. चित्रपटात नाझी सैनिक गावकऱ्यांना एका लाकडी इमारतीत कोंडतात, मुलांना आत सोडून ज्यांना यायचे त्यांनी बाहेर यावे असे सांगतात, आणि मग ती पेटवतात. तो प्रसंग पाहणे फार कठीण आहे; मला मध्येच थांबावे लागले. तिथे माणसे, घरे आणि गावाचे नाव हे सारे एकदमच संपवले जाते, आणि हे तिन्ही एका शब्दात धरणारा ‘बेचिराख’च मला सापडला.

बेलारूसमधल्या खातिन या खऱ्या गावाचे उदाहरण घ्या. २२ मार्च १९४३ रोजी तिथे १४९ जण मारले गेले, त्यांपैकी ७५ मुले होती. आज तिथल्या स्मारकात २६ घरांच्या जागी धुराड्यांच्या आकाराचे खांब आहेत, प्रत्येकावर एक घंटा आहे आणि त्या दर अर्ध्या मिनिटाला वाजतात. घर गेले हे सांगायला त्या शिल्पकारांनी चूल निवडली, आपल्या शब्दाने दिवा निवडला. हे साम्य माझ्या मनातून जात नाही. त्याच आवारात पुन्हा न वसलेल्या १८५ गावांची प्रतीकात्मक दफनभूमी आहे, तर पुढे पुन्हा वसलेल्या ४३३ गावांची नावे वेगळी कोरली आहेत. जळालेले घर पुन्हा ‘अभस्म’ होत नाही, पण बेचिराख गावात माणसे परतली तर दिवा लागू शकतो, हा भेदही या शब्दात आहे.

म्हणून पाटीचा अनुवाद मी असा कायम ठेवतो: ‘बेलारूसमधील ६२८ गावे सर्व रहिवाशांसह जाळून बेचिराख करण्यात आली.’